न तपासलेली सही

९ मार्च

ती. काकांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

गुडघ्याचा पट्टा मिळाला का? सैल वाटला तर दुकानदार बदलून देईल.

तारांगणातल्या नव्या दालनाच्या पाट्या मी लिहिते, हे तुम्हाला माहीत आहे. खाली माझी सही असते. सगळ्यांत मोठ्या पाटीवर, परग्रहावरचे लोक इथे येऊन गेले, असं लिही म्हणून संचालकांनी सांगितलं. मी लिहिलं ते असं: सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षं दूर आहे. सूर्यमाला ओलांडून गेलेल्या आपल्या यानाच्या वेगाने सत्तर हजारांवर वर्षं लागतील. प्रकाशाच्या वेगाचा एक दशांश ज्यांना साधला, त्यांना सुमारे बेचाळीस. म्हणजे येणं अशक्य नाही. आल्याचा पुरावा मात्र नाही.

‘नाही’ वाचायला तिकीट कोण काढतं, असं संचालकांचं म्हणणं. माझा करार एकतीसला संपतो. ‘येऊन गेले’ असं लिहून सही केली तर वाढेल, हेही त्यांनी हसत सांगितलं. मी करणार नाही.

आईला कळवू नका.

आपली पुतणी

१७ मार्च

चि. फूटपट्टीस अनेक आशीर्वाद.

पट्टा नीट बसला. आईला मी काही कळवलं नाही. तिने पत्रच माझ्या हातातून ओढून घेतलं. रडली वगैरे नाही, पण भांडी फार आपटते आहे.

बेचाळीस वर्षं ठीक, पण त्या यानाची देखभाल कोण करतं? आमच्या लिफ्टचा दोर दर महिन्याला बघावा लागायचा!

आता ऐक. पाण्यात राहून माशाशी वैर धरू नये. तीस वर्षं मी लिफ्ट तपासून सह्या केल्या. माझ्या सहीवर माणसं लोंबकळायची, बाई. तुझ्या पाटीने कोण मरणार आहे? कर सही आणि मोकळी हो. खरं काय ते आम्हाला सांग, आम्ही ऐकू.

खुशाली कळव, नाहीतर तुझी आईच तिकडे येऊन थडकेल.

तुझा काका

२ एप्रिल

ती. काकांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

कुणी मरणार नाही, मान्य. पण लिफ्टमध्ये शिरणारा माणूस दोर बघत नाही, नुसतं बटण दाबतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. माझ्या पाटीसमोर दहा वर्षांची मुलगी उभी राहते. तिच्याकडेही तपासायला काही नसतं. संचालकांना मी हेच लेखी दिलं. परवा त्यांनी माझं टेबल रिकामं करून घेतलं. पाटी दुसऱ्याच्या सहीने लागली. मी जाऊन वाचली. शुद्धलेखन तेवढं बरं आहे.

मी घरी परत येत नाही. तारांगणासमोरच्या वाचनालयाची खोली मागून घेतली आहे. रविवारी सकाळी दहाला व्याख्यान, प्रवेश सर्वांना. परग्रहावरचे लोक येऊ शकतात का? हो, शकतात, इथूनच सुरुवात करणार आहे. संचालकांना पहिल्या रांगेची खुर्ची राखून ठेवली आहे, तसं त्यांना कळवलंही आहे.

तुम्ही आईला घेऊन या. लोभ वाढवा असं म्हणत नाही. माझं चुकलं, तर सगळ्यांसमोर उठून सांगा.

आपली पुतणी