दांडी नसलेली सायकल

राऊ, इंदूर
ता. ४ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
भानूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे धडधाकट नसलो तरी जागेवर आहोत. फोनवर तुला ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागतं, आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटात ओरडलेलं ह्यांनाही ऐकू जातं. म्हणून हा कागद.

ह्यांचा कंपवात वाढलाय. हात थरथरतात त्याची सवय झाली, पण आता चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. स्वयंपाकघराच्या दारात पाच-पाच मिनिटं उभे असतात. मी हात धरायला गेले की झिडकारतात. गणपतीपासून कोणाशी धड बोललेले नाहीत.

गेल्या आठवड्यात शेजारच्या निधीने आपली सायकल आणली, ब्रेक घासतोय का बघता म्हणून. पॉलिटेक्निकात तीस वर्षं मेकॅनिकल शिकवलेला माणूस, बघून गप्प कसला बसतो! पायरीवरून सीटवर बसले आणि बिल्डिंगला तीन चकरा मारून आले. पाय एकदाही अडला नाही. दोन महिन्यांनी हसले. मी गॅलरीत उभी राहून रडले, तुला सांगायला लाज कसली.

डॉक्टर म्हणाले, ह्या दुखण्यात काहींना चालणं जमत नाही पण पेडल जमतं. तरी रहदारीत नको, घरातच एका जागी फिरवायची सायकल घ्या. ह्यांनी सांगून टाकलं की घाण्याचा बैल व्हायचं नाही. शंतनु बंगलोरहून म्हणतो, बाबा पडले तर मग मला फोन करू नकोस. पोटच्या पोराचं बोलणं मनाला लागलं, पण त्याचंही अगदीच चूक नाही.

तू पस्तीस वर्षं बडोद्यात सायकली विकल्यास. कुठली घेऊ ते सांग. पंधरा हजारांच्या वर जायचं नाही. फिरतील ते जवळच्या तळ्यावर; तिथपर्यंत किलोमीटरभर सिमेंटचा रस्ता, पुढे तळ्याभोवती नुसता मुरूम आणि खडी. हा माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसलेला मला आता बघवत नाही.

वहिनींना नमस्कार. तुझी माया उत्तराच्या टपालात दिसू दे.

तुझी,
भानू

---

बडोदे
ता. १० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. भानूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चाळीस वर्षांत तुझी तीन पत्रं आली, तिन्ही कामाची. असो.

दुकानातली मुलं दोन चिजा गळ्यात मारतील. एक बारीक टायरची, रेसवाली. सिमेंटवर पळेल, मुरमावर घसरेल. दुसरी जाडजूड, पुढे स्प्रिंगा असलेली. स्वस्तातल्या स्प्रिंगा म्हणजे उगाच ओझं, धक्का काही खात नाहीत. तू मधली घे, हायब्रिड म्हणतात ती. टायर दीड इंचाच्या आसपास, हवा जरा कमी. पुढचा फोर्क साधा, बिनस्प्रिंगचा. डिस्क ब्रेक हवेत, आणि ब्रेक कृष्णरावांच्या बोटांनी दाबला जातो का ते तिथेच दाबायला लावून बघ. गिअर मागचे सात पुरेत.

आता मुख्य गोष्ट. ते चालवतील, त्याची मला काळजी नाही. थांबतील कसे? ज्याचे पाय जमिनीला चिकटतात त्याला पाय उचलून दांडीवरून पलीकडे टाकायला सांगणं म्हणजे पडायला सांगणं. तेव्हा आडवी दांडी नसलेली घे, म्हणजे लेडीज सायकल. सीट इतकी खाली की दोन्ही पाय टेकतील. आणि उतरताना धरायला माणूस हवाच. हे दोन्ही होणार नसेल तर शंतनुचं ऐक.

कृष्णरावांस नमस्कार सांगू नकोस, नाहीतर पत्राचं बिंग फुटेल. आहेस तशीच धीराची राहा.

तुझा,
सुधादादा

---

राऊ, इंदूर
ता. २४ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
भानूचा शि. सा. न. वि. वि.

सायकल आली. टायर, ब्रेक, फोर्क सगळं तू सांगितलंस तसं. एकच गोष्ट तशी नाही, दांडी आहे; त्यामुळे सीटही पाय टेकण्याइतकी खाली जात नाही.

मी दुकानात लेडीज हा शब्द काढला मात्र, ह्यांचा चेहरा उतरला. आमचे पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, हे त्या दुकानदाराला ऐकावं लागलं. तोही त्यांचीच री ओढत म्हणाला, ‘आंटीजी, अंकलजी को जेंट्स ही जमेगी.’ मी जेंट्सचेच पैसे मोजले. भर दुकानात त्यांचा आणखी पाणउतारा मला करवला नाही.

सध्या बरं चाललंय. पायरीवरून बसतात, तळ्याला दोन फेऱ्या मारतात, परत आले की मी गेटवर हँडल धरते. पोहे मागून खातात. शंतनुला कळवलेलं नाही. पण काल म्हणाले की गेटवर उभी राहू नकोस, लोक बघतात. तळ्याच्या कठड्याला पाय टेकवून उतरायची आणि सायकलीच्या आधाराने चालत घरी यायची युक्ती त्यांनी काढली आहे. मला हे पटलेलं नाही, तरी हो म्हटलं.

रागावलास तरी लिहीत राहा.

तुझी,
भानू

---

राऊ, इंदूर
ता. १२ डिसेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं न ऐकल्याचं फळ मिळालं. पडले नाहीत, हे आधी सांगते.

रविवारी साडेचारला निघाले. सव्वासहा झाले तरी पत्ता नाही. मी रिक्षाने तळ्यावर गेले. हे फेऱ्या मारत होते. रविवार म्हणून अख्ख्या कठड्यावर माणसं बसलेली, पाय टेकायला जागाच नव्हती. घरी परत यावं तर गेटवर मी नसणार, त्यांनीच तसं बजावलेलं. म्हणून फिरत राहिले, दीड तास. दादा, लोक टाळ्या वाजवत होते. एक मुलगी मोबाइलवर ह्यांना टिपत म्हणत होती की अंकल का स्टॅमिना देखो.

मी मुरमावरून धावत पुढे गेले आणि हँडल धरलं. ओठ वाळलेले, मांड्या थडथडत होत्या. माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून म्हणाले, “मला थांबता येत नव्हतं गं.”

त्यानंतर सायकलीकडे बघत नाहीत. पुन्हा भिंत. शंतनुला मी सगळं सांगितलं. तो रागावला नाही, रडला. सायकल विकून टाक म्हणाला. त्या दिवशी दुकानात मी दोन शब्द बोलले असते तर हे घडलं नसतं, हे मनातून जात नाही. विकू का? तू म्हणशील तसं करते.

तुझी,
भानू

---

राऊ, इंदूर
ता. १४ डिसेंबर २०२५

श्री. सुधाकरराव यांसी,
कृष्णरावांचा स. न. वि. वि.

अक्षर ओळीगणिक बारीक होत जातं, भिंग घेऊन वाचा. तुमचं पत्र डाळीच्या डब्याखाली सापडलं. चोरून वाचलं, क्षमा असावी. थांबण्याचं तुम्ही आधीच लिहिलं होतं. मी मेकॅनिकल शिकवलं, आणि हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं.

पडायची भीती मला वाटली नाही. त्या कठड्यावर पन्नासेक माणसं होती. त्यातल्या एकालाही मला “धरा” म्हणता आलं नाही. प्रत्येक फेरीला ठरवायचो, आता म्हणायचं. आणि लोक टाळ्या वाजवायचे.

भानूनेच मला सांगितलं, ती तुम्हाला विकू का विचारते आहे. ही विकून टाक म्हणावं, आणि तिच्या बदल्यात बिनदांडीची कुठली घ्यावी ते मलाच लिहा. पत्र माझ्या नावाने घाला, लपवायला नको. तुमचा लोभ मी फारसा कमावलेला नाही, तरी मागतो.

काल भानूला म्हटलं, सायकल आली की तळ्यावर माझ्याबरोबर ये आणि सगळ्यांसमोर धर. एवढं म्हणायला मला सहा दिवस लागले.

आपला,
कृष्णराव