ठणठणीत मदरबोर्ड

३ मार्च
नवी नोकरी, भरपूर उजेडाची खोली आणि टेबल चक्क माझं एकट्याचं. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारं हे वर्कशॉप मालकीणबाई चालवतात. मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या त्या इवल्या डब्या, म्हातारे झालेत का ते मी ठरवायचं. डोकं फुगलं, बुडाशी ओल दिसली किंवा मीटरवर आकडा घसरला, तरच बदलायचा. आधीचा कारागीर सरसकट सगळे बदलायचा म्हणे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

६ मार्च
बाईंची तऱ्हा ऐकावी. खिडकीजवळचा मदरबोर्ड त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा, कायम चालू. त्याचे कपॅसिटर दर महिन्याला बदलायचे, चांगले असले तरी. मी तपासले. डोकी सपाट, बुडं कोरडी, आकडे नव्यालाही लाजवतील असे. तसं सांगितलं, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "म्हातारपण कुठेतरी फुगून येतंच. तिथे दिसत नाही म्हणून थांबू नका. बदला."
एवढी शिकलेली बाई, पण अक्कल गहाण ठेवलेली. मी मान डोलावली, बोर्ड नुसता पुसला आणि बदलले म्हणून ठोकून दिलं.

११ मार्च
बोर्ड झकास चालतोय. माझी बोटं मात्र सुजलीत. खोलीत माशासारखा वास येतो, कपॅसिटर गळल्यावर येतो तसा. सगळे बोर्ड हुंगले. एकही गळलेला नाही. वास माझ्या बाहीला आहे.

१४ मार्च
प्रत्येक बोटाच्या टोकावर फुली उमटली आहे. कपॅसिटरच्या डोक्यावर असते तशीच. आतला दाब वाढला की तिथूनच फाटावं म्हणून पाडलेली. डॉक्टर म्हणे, ॲलर्जी. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

१५ मार्च
भीती वाटतेय. खिडकीजवळच्या बोर्डाचे कपॅसिटर बदलायलाच बसलो, पण सोल्डरिंग गन धरवत नाही. ते सगळे नवेकोरे चमकताहेत आणि माझ्या नखांखाली ओल —

१६ मार्च
बाईंना खरं सांगितलं. रागावल्या नाहीत. माझा हात उजेडात धरला, बोटांची टोकं निरखली, मनगट हुंगलं, मीटरच्या पिना टेकवल्या — मी कपॅसिटर बघतो तशाच. आधीच्या कारागिरानेही शेवटी आळस केला होता, म्हणाल्या.

संध्याकाळ
बाहेर फोनवर कुणाला तरी सांगताहेत, खोली उजेडाची आहे, टेबल एकट्याचं, उद्यापासून या. मी विचारलं, माझं काय? दारातूनच म्हणाल्या, "तुम्ही फुगलात. बदलायला हवं."
बोटं ताठ — फुली उकलायला —