तुझी खिरापत, माझी तुकडी

आई, परवा ठाकूरद्वारला आपल्या वाडीत भोंडल्याला गेले होते. चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि अंगणाला सगळे पोडियम म्हणतात, पण पाटावरच्या हत्तीची सोंड अजूनही कुणाला सरळ काढता येत नाही. समोरच्या खोलीतल्या काकू लिफ्टने खाली आल्या. कान गेलेत, जीभ शाबूत आहे. त्यांनी तुझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मी स्वयंपाकघरात एकटीच हसते आहे. नवऱ्याने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. त्याने तुझा भोंडला पाहिलेला नाही, त्याला काय सांगणार. म्हणून तुला लिहिते.

मी पाचवीत होते ते वर्ष तुला आठवत असेलच. दिवाळीनंतर तुकड्या नव्याने पाडायच्या म्हणून शाळेत बुद्धीची चाचणी घ्यायला एक बाई आल्या होत्या. सुरी, विळी, कात्री आणि पोळपाट अशी चित्रं समोर ठेवून त्यांनी विचारलं, यातलं वेगळं कोणतं? मी म्हटलं, विळी. असं बरंच काही मी म्हटलं असणार, कारण शाळेने तुला बोलावून सांगितलं, हिला ड तुकडीत घालू, झेपेल तेवढं करील. घरी आल्यावर तू विचारलंस, विळीच का? मी म्हटलं, तिच्यावर बसावं लागतं, बाकीचं सगळं हातात धरतात. तू कपाळावर हात मारून घेतलास. पोळपाट सोडून बाकी तिन्हींनी कापतात, एवढंसुद्धा कळू नये का गं, म्हणालीस. त्या संध्याकाळी तू बाबांना सांगत होतीस की पोरीचं डोकं बेताचं आहे, पण स्वभाव चांगला आहे. मी पडद्याआड पाढे पाठ करत होते. स्वभाव चांगला आहे असं आपल्या चाळीत कुणाबद्दल म्हणायचे ते मला चांगलं ठाऊक होतं. मी पाढे थांबवले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

आणि मग नवरात्र आलं. भोंडल्याची गाणी झाली की डबा मध्ये ठेवायचा आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं, ही साधी गंमत. पण तू ती गंमत ठेवली नव्हतीस. तुझी खिरापत वाडीत कधी कुणी ओळखली नव्हती. डबा वाजू नये म्हणून तू आत फडकं कोंबायचीस, वास लागू नये म्हणून झाकणाला कणीक लावायचीस, आणि हरलो म्हणा, हरलो म्हणा, असं म्हणत कमरेवर हात ठेवून उभी राहायचीस. त्या वर्षीही तू तशीच उभी आहेस. बायका विचारताहेत, गोड की तिखट? तू म्हणतेस, दोन्ही. तळलेलं? नाही. वाफवलेलं? नाही. भाजलेलं? नाही. मग नुसता पदार्थांचा पाऊस पडतो, सुरळीच्या वड्यांपासून दहीवड्यापर्यंत, आणि तू प्रत्येकीला मान हलवून परत पाठवतेस. मला आठवतं की दिवसभर आपल्या घरात कढई फळीवरून उतरलेली नव्हती. मी विचारते, आई, हे तू केलंयस की नुसतं चिरलंयस? तुझे हात कमरेवरून खाली येतात. मी म्हणते, पेरू. तिखटमीठ लावलेल्या पेरूच्या फोडी.

काय आरडाओरडा झाला होता. काकूंनी मला उचलून गोल फिरवलं, कुणीतरी माझ्या फ्रॉकला झेंडूचं फूल टोचलं. तू मात्र डबा उघडलास, फोडी वाटल्यास आणि वर निघून गेलीस. दसऱ्यानंतरच्या सोमवारी शाळेत जाऊन मोठ्या बाईंशी तू काय घासाघीस केलीस कुणास ठाऊक. अ मिळाली नाही, पण ब मिळाली. मीही ब तुकडीसारखीच वागायला लागले, अभ्यास येतो असं समजून अभ्यास केला, आणि तो यायला लागला.

आता मी माटुंग्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. बुद्धी म्हणजे काय हा धडा आला की मुलं एका ओळीत व्याख्या मागतात आणि मी त्यांना वैताग आणते. काही जण म्हणतात, सगळ्या हुशारीच्या मुळाशी एकच ताकद असते. काही म्हणतात, छे, बुद्धी अनेक प्रकारची असते, आकड्यांची वेगळी, माणसं ओळखण्याची वेगळी. कुणी म्हणतं, आपल्या परिसरात निभावून नेता येणं म्हणजे बुद्धी, आणि परिसर बदलला की मोजमापही बदलतं. मी हेही सांगते की या चाचण्या पहिल्यांदा निघाल्या त्या शाळेत कोणत्या मुलाला जास्त मदत लागेल ते कळावं म्हणून. तो आकडा कपाळावर कोरायचा उद्योग लोकांनी नंतर केला. मग मी वर्गात तुझा पेरूचा किस्सा सांगते. शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणते, माझी आई त्या दिवशी मुद्दाम हरली. तिने मला ओळखता येईल अशी खिरापत केली, कारण तिला माझं मन सावरायचं होतं. दरवर्षी पहिल्या बाकावरची दोनतीन पोरं डोळे पुसतात. मलाही तसंच वाटत आलं होतं गं. तू गेल्यावर तर जास्तच. आणि त्या कौतुकाच्या तळाशी एक बारीकसा खडा होता, की मग मी खरंच ओळखलं नव्हतं, तू ओळखू दिलं होतंस.

परवा हेच मी काकूंना कानाशी ओरडून, भक्तिभावाने ऐकवलं, तर त्या मला म्हणाल्या, "मुद्दाम? तुझी आई? अगं, ती माझ्याशी दसऱ्यापर्यंत बोलत नव्हती. पेरू माझ्या खोलीत लपवले होते ना, म्हणाली तूच फोडलंस." मी विचारलं, आणि शाळेत का गेली मग? काकूंनी डोळ्यांतलं पाणी पुसलं, हसून हसून आलेलं. "चिडूनच गेली. मी होते ना सोबत. मोठ्या बाईंना म्हणाली, माझी खिरापत या मुलीनं ओळखली. ही ढ असेल तर मग मी कोण?"

आई, मी त्या पोडियमवर, पैठण्या नेसलेल्या अनोळखी सुनांच्या देखत, फतकल मारून बसले आणि पोट धरून हसले. इतकी वर्षं मी तुला त्यागमूर्ती करून ठेवलं होतं, आणि तू तर फुरंगटून बसली होतीस. इतका आनंद मला पीएचडी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

हे पत्र घालायला कुठे पेटी नाही, ते मला कळतं. पुढच्या आठवड्यात बुद्धीचा धडा आहे. आता खरं काय ते वर्गाला सांगावं लागेल, आणि पहिल्या बाकावर कुणी रडणार नाही. आज आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं, माझी आई हरली, चांगली सपशेल हरली. तिसऱ्यांदा म्हणायची काही गरज नव्हती. तरी म्हटलं.