मुलीला फूस लावल्याची तक्रार मागे घेण्याबाबत

दिनांक : १७ नोव्हेंबर १९९८

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, ता. वसई, जि. ठाणे

अर्जदार : इनास पास्कू तुस्कानो, वय ५४, धंदा बागायती, रा. गिरीज

विषय : माझी तक्रार रद्द करणे व सिस्टर हिल्डा यांना उद्या ठाण्यात न बोलावणे, याबाबत.

संदर्भ : माझी तक्रार, दि. १४ नोव्हेंबर १९९८.

महोदय,

१. वरील तक्रारीत मी असे लिहून दिले की, माझी मुलगी व्हेरोनिका, वय २३, ही ११ तारखेस कोणास न सांगता घरातून गेली, आणि मठातील सिस्टर हिल्डा यांनी तिला फूस लावून डांबून ठेवले आहे. यातील तिचे वय व तारीख तेवढी खरी आहे. बाकी मी रागाच्या भरात लिहिले.

२. व्हेरोनिका गोखिवरे येथील एका कारखान्यात टायपिस्ट आहे. आपल्याला व्रतस्थ जीवनाचे बोलावणे असावे, असे ती दोन वर्षे म्हणत होती. मी मस्कतच्या मुलाशी तिचे लग्न ठरवले. त्यानंतर ती तीन वेळा माझ्याशी बोलायला बसली. तिन्ही वेळा मी उठून केळींना पाणी सोडायला गेलो. ११ तारखेस ती तिच्या आईस सांगून व माझ्या नावे चिठ्ठी ठेवून गेली. ती चिठ्ठी मी आपल्यापासून लपवली आणि पत्नी क्लेमेंटीन हिला गप्प राहण्यास बजावले. चिठ्ठी सोबत जोडली आहे. तीत लिहिले आहे : "हे देवाचं बोलावणं आहे की माझ्याच मनाचा हट्ट, मला कळत नाही. सहा महिने सिस्टरांबरोबर राहून बघते. नसलं तर घरी येईन."

३. काल हवालदार हरिश्चंद्र राऊत यांच्यासह मी मठात गेलो. सिस्टर हिल्डा यांनी एकेक खोली दाखवली. कुठेही कुलूप नव्हते. मुलगी मागच्या पडवीत भाजी निवडत होती. आपण स्वतःहून आलो, असे तिने हवालदारांस सांगितले. तेव्हा मी तिचा हात धरून ओढले. ती जमिनीवर बसली, तरी मी सोडले नाही. हवालदारांना मध्ये पडावे लागले. त्यांनी माझी लाज राखून हे जबाबात घेतले नाही, म्हणून मी लिहीत आहे.

त्यानंतर ती म्हणाली, "पप्पा, मी अजून काही ठरवलंच नव्हतं. आता परत यावंसं वाटलं तरी कशी येऊ? लोक म्हणतील, पोलिसांनी आणली. आणि राहिले, तर देवासाठी राहिले की तुमच्यावरच्या रागानं, हे मला कधीच कळणार नाही."

मी तिथून निघून आलो.

४. उद्या सिस्टर ठाण्यात येतील त्या वेळी माझे भाऊबंद व गावातील काही तरुण बाहेर जमणार आहेत. शनिवारी मीच त्यांना तसे सांगितले होते. काल रात्रीपासून घरोघर जाऊन नको म्हणत आहे. ते ऐकत नाहीत. चर्चच्या फादरांनी तुझे मन फिरवले, असे म्हणतात. सिस्टर बासष्ट वर्षांच्या आहेत, आणि रिक्षाने एकट्या येणार आहेत.

५. तरी विनंती की, त्यांना बोलावू नये व तसा निरोप आजच मठात द्यावा. नोंदवहीत मुलगी पळाली असे लिहू नये, कायमची मठात गेली असेही लिहू नये. सहा महिने राहण्यास गेली आहे, एवढेच लिहावे. पुढचे ती ठरवील. लग्न मोडल्याचे मी मस्कतला कळवले आहे.

खोट्या तक्रारीबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. उद्या अकरा वाजता सिस्टरांच्या जागी मी हजर राहीन आणि बाहेर जमलेल्यांस ही चिठ्ठी मी स्वतः वाचून दाखवीन. त्यासाठी ती तेवढा वेळ परत मिळावी. दुपारी जेवायला माझ्यासाठी थांबू नये, असे घरी सांगून ठेवले आहे.

आपला,
चूक कबूल असलेला अर्जदार,
(सही) इनास पास्कू तुस्कानो