तीन मल्हारींचा एक मंडप

तीर्थरूप मीरासाहेब मामा यांना शिरूरहून आयेशाचा सलाम.

आपली प्रकृती उत्तम असावी. खुर्शिद मामींना रेल्वे कॉलनीचा जिना चढताना मध्ये थांबायला सांगावे (त्या थांबत नाहीत, हे ठाऊक असूनही लिहिते). इकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य शुक्रवारी दुपारी मला लिहिता आले नसते. म्हणून आज ते सावकाश, पूर्णविरामासह लिहीत आहे.

शुक्रवारी फोनवर आपण मदत केलीत, पण नेमके काय घडले हे विचारले नाहीत. आमचा धाकटा कैफ ते स्वतःच्या पद्धतीने सांगेल, म्हणून मी आधी लिहिते. त्याच्या मंडप-भांड्यांच्या दुकानातील सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. आपण दौंडला जाण्यापूर्वी ग्राहकांची जी फाइल तयार केली होती, ती उघडताच पडद्यावर सूचना आली : फाइल जुन्या आवृत्तीतील आहे, ती अद्ययावत करावी लागेल, आणि त्यानंतर ती जुन्या आवृत्तीत उघडणार नाही. कैफने हे न वाचताच ‘होय’वर बोट नेले होते. मी त्याचा हात धरला. जी गोष्ट परत येणार नाही ती निदान स्वच्छ करून पाठवावी, असे माझे मत आहे, आणि सूचीकरण या विषयात मला डॉक्टरेट असल्यामुळे (आपण तिला ‘पुस्तकांना चिठ्ठ्या डकवायचं शिक्षण’ म्हणता, मी ते मनावर घेतलेले नाही) फाइलचे शुद्धीकरण मी स्वतःकडे घेतले.

मामा, आपण ‘ग्राहकाचे नाव’ या चौकटीत काय काय भरून ठेवले आहे, याची आपल्याला कल्पना आहे का? ‘मल्हारी बोकडवाला इनामगाव’. ‘मल्हारी शिक्रापूर खोल्या भाड्यानं देनारा’. ‘मल्हारी दात पडका’. ‘बानूबाई मोठ्या आवाजाची’. आडनाव एकाचेही नाही, कारण आपण सगळ्यांना ओळखत होतात आणि ओळखीच्या माणसाला आडनाव विचारणे आपल्याला उद्धटपणाचे वाटत असावे. नाव म्हणजे नाव. दात हा नावाचा भाग नव्हे. मी सर्व विशेषणे काढली आणि प्रत्येकाच्या मागे आदराने ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ लावले. पडदा धुतल्यासारखा दिसू लागला. मग मी ‘होय’ दाबले. सॉफ्टवेअरने नम्रपणे विचारले की सारख्या नावांची खाती एकत्र करायची का. एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या की माझ्या अंगावर काटा येतो. मी पुन्हा ‘होय’ दाबले, आणि खोटे कशाला लिहू, आनंदाने दाबले.

शुक्रवारी सकाळी तिन्ही मल्हारींचे सामान एकाच टेम्पोतून इनामगावला रवाना झाले. तेथील मल्हारींकडे नातवाचे जावळ होते आणि त्यांनी एक लहान मांडव व काही पातेली एवढेच सांगितले होते. त्यांच्या दारात स्टेज उतरले, राजाराणीच्या खुर्च्या उतरल्या आणि थर्माकोलच्या अक्षरांत ‘अंकिता’ लिहिलेली कमान उतरली. आपल्या माणसांनी खांबांसाठी खड्डेही खणायला घेतले (तेथे प्राचीन वस्ती सापडल्यापासून इनामगावात कुणी खणताना दिसला की लोक आधी पुरातत्त्वाची माणसे आली का ते पाहतात, आपले खड्डे मात्र पूर्णपणे आधुनिक आहेत). दुकानातला फोन मीच उचलला.

“ताई, आमच्यात जावळ हाय, लगीन न्हाई,” मल्हारी म्हणाले. मग आवाज खाली आणून, “आन् ही अंकिता कोन? आमची कुशाबाई मला सारखी इचारतीया.”

अंकिता ही शिक्रापूरच्या मल्हारींची मुलगी. तिची हळद त्याच संध्याकाळी होती आणि तिचे वडील रिकाम्या अंगणात पाहुण्यांसमोर उभे होते. त्यांचाही फोन आला. त्यातील भाषा या पत्रात बसणार नाही. टेम्पोतील कोणती वस्तू इनामगावात ठेवायची आणि कोणती शिक्रापूरला न्यायची, हे सांगायला आमच्याजवळ काही नव्हते, कारण नव्या फाइलमध्ये सर्व सामानाचे धनी एकच ‘श्री. मल्हारी’ होते, त्यांचा पत्ता एकच आणि तारीखही एकच. कैफ खुर्चीत बसला आणि म्हणाला, “आपा, तू समद्या मल्हारींचा एकच माणूस केलास. आता त्याचंच लगीन लावू आन् त्याचंच जावळ काढू.” ही मोठ्या बहिणीशी बोलण्याची रीत नव्हे; परंतु ती वेळ रीत शिकवण्याची नव्हती. पोरीच्या हळदीला मंडप नाही, ही गोष्ट शिक्रापूर आयुष्यभर विसरले नसते आणि दुकानही उरले नसते.

अशा वेळी त्याला आठवण झाली ती आपल्या हौसेची. दौंडला गेल्यावरही आपण दर आठवड्याला फाइलची नक्कल मागवत राहिलात आणि आपल्या संगणकावर अजून जुनीच आवृत्ती आहे. आपण फोनवर एकेक मल्हारी दातांसकट, बोकडांसकट वाचत गेलात, मी लिहीत गेले, कैफ टेम्पोवाल्याला सांगत गेला. दात पडक्यांचे काम पुढच्या महिन्यात आहे, हे कळले तेव्हा मी प्रथमच पाणी प्यायले. इनामगावच्या मल्हारींनी बाळाचा फोटो काढल्याशिवाय राजाची खुर्ची सोडली नाही, पुढे शिक्रापूरच्या चौकात ट्रकांची नेहमीची रांग होती. तरीही हळद कालवली जात असतानाच कमान उभी राहिली. तिच्यावर ‘किता’ एवढेच होते. ‘अं’ बाळाने धरून ठेवला होता आणि तो काढून घेतला की ते रडत असे. अंकिता ते वाचून एवढी हसली की तिच्या वडिलांनाही हसावे लागले. अपुरा शब्द डोळ्यांसमोर असताना मी शांत झोपले, असे आयुष्यात प्रथमच घडले.

आपली आज्ञाधारक भाची,
आयेशा

ता. क. : पत्राचे मुख्य कारण राहिले. कैफ रविवारी आपल्या संगणकावर नवी आवृत्ती बसवायला येणार आहे. त्याला जेवू घालावे, पण संगणकाजवळ बसू देऊ नये. विशेषणांसाठी वेगळी चौकट करायला मी स्वतः येईपर्यंत, कृपा करून, ती फाइल कुणीही, आपणही, उघडू नये.

ता. क. २ : शुद्धीकरणात एक नोंद मी पुसली नव्हती. माझ्या डॉक्टरेटच्या सत्काराला दुकानातून खुर्च्या नेल्या होत्या, तेव्हा आपण लिहिलेले ‘आयेशा खूर्च्या सरळ करनारी’. येथे मी ते शुद्ध करून ठेवले आहे. आपल्याकडे ते अजून तसेच असेल. खु ऱ्हस्व, आणि ‘करणारी’तील ण बाणाचा. तेवढ्यापुरती फाइल उघडलीत तरी चालेल.