दोन तुकड्यांचा पाचू

३ मार्च
माझा गुडघा आज बरा. ह्यांचा खोकला उतरला. मांजरीचा कान अजून सुजलेलाच, बिचारी.

आणि सापडली! जुन्या दागिन्यांच्या दुकानात, मोडक्या कानातल्यांच्या ढिगात — सासूबाईंची हिरव्या खड्याची अंगठी. कडेच्या फुलाची एक पाकळी तुटलेली, म्हणजे तीच. जाऊबाईंच्या सुनेने विकली असणार. घेऊनच आले.

एकतीस वर्षांपूर्वी एकच दिवस माझ्या बोटात होती. परत केली, जाऊबाईंनी सोनाराला दाखवली, तो म्हणाला, खडा खोटा. "खरा पाचू गिळलास की माहेरी पोचवलास गं?" — भरल्या घरात! हे ताटात बघत बसले.

तेव्हापासून भिंग घेऊन खडे ओळखायला शिकले, ते काय हौस म्हणून?

४ मार्च
खराच निघू दे. म्हणजे जाऊबाई खोटं बोलल्या. मग बघतेच त्यांच्याकडे!

५ मार्च
उन्हात धरून पाहिला. काठाजवळ केसासारखी रेघ. वर लकाकी करकरीत, खाली मंद. मधे चपटे बुडबुडे. वर दगडाची पातळ चकती, खाली हिरवी काच — चिकटवलेली. खोटाच!

जेवण गेलं नाही. पण बदलला कधी?

७ मार्च
बाजारातल्या एका म्हाताऱ्या सोनाराकडून खड्यामागचा पत्रा उचकटून घेतला. कारागीर आत कामाचा आकडा कोरून ठेवतात, हे पुस्तकात वाचलं होतं. निघाला! "बाई, हे तर माझ्या वडिलांचं काम." "मग त्यांची वही काढा." अक्षर गिचमिड, मला चष्म्यानेही लागेना. त्यांनीच तारीख वाचली — माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधीची! तेव्हा मी त्या घरात पाऊलही टाकलं नव्हतं! पानाची झेरॉक्स पाठवतो म्हणाले. आनंदाने पिशवी तिथेच विसरले.

८ मार्च
रविवारी जाऊबाईंच्या नातवाचा वाढदिवस. सगळं गणगोत असेल. पान मोठ्याने वाचणार. त्यांचा चेहरा पडलेला डोळे भरून बघणार. केक खाऊन मग — पोराचा विरस नको.

हे म्हणाले, "जाऊ दे ना, कशाला जुनं उकरतेस?" म्हटलं, तुम्ही ताटात बघा.

९ मार्च
झेरॉक्स आली. भिंग लावून अक्षर अन् अक्षर वाचलं. 'खरा खडा काढून गिऱ्हाइकाच्या हाती दिला. घरी कळू देऊ नये.' खाली गिऱ्हाइकाची सही. ती वाचायला मात्र भिंग लागलं नाही.

ह्यांची.

आत्ताच आतून विचारलं, "रविवारी काय घालू गं?"

म्हटलं, नवा सदरा घाला. सगळे तुमच्याकडेच बघणार आहेत.