मागे ठेवलेला मंत्री

बाबा, तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. तुम्ही होतात तेव्हा आपण एकाच घरात राहत होतो, आणि तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. या मधल्या काळात मी पुण्याला इंजिनिअर होऊन अबुधाबीला परत आले आणि नोकरीला लागले. तरी एक गोष्ट विचारायची राहिली आहे. ती तुमच्याशिवाय कुणाला नक्की ठाऊक असेल असं वाटत नाही.

थंडीतली एक सकाळ आठवते. शाळेत सोडायच्या आधी तुम्ही मला मुसफ्फ्याच्या कारखान्यांच्या भागातल्या आपल्या केटरिंगच्या किचनवर आणलं आहे. बाहेर लेबर कॅम्पच्या डब्यांसाठी भात उपसतायत, आणि मागच्या खोलीत तुम्ही आणि काका चहा पीत टीव्ही बघताय. वॉशिंग्टनमध्ये अजून रात्र आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष भाषण करतायत आणि सगळं सरकार समोर एका सभागृहात बसलं आहे. शाळेच्या क्विझसाठी मी हा विषय नुकताच पाठ केला आहे, म्हणून तुम्हाला क्रम सांगते: राष्ट्राध्यक्ष गेले तर उपराष्ट्राध्यक्ष, मग प्रतिनिधिगृहाचे सभापती, मग सिनेटचे हंगामी अध्यक्ष, आणि त्यानंतर मंत्री, ज्याचं खातं आधी स्थापन झालं तो आधी. जन्माने अमेरिकन नसेल त्याला वगळायचं.

"आणि हे छप्परच कोसळलं तर?" तुम्ही विचारलंत.

"एक मंत्री मुद्दाम बाहेर ठेवलेला असतो. कुठे ते सांगत नाहीत."

"कोण? सगळ्यात हुशार?"

"तसं नाही. कधी शेतकीचा, कधी आणखी कुठला."

काका हसले. "म्हणजे ज्याच्यावाचून भाषणाचं काही अडत नाही, तो."

"गप रे. ज्याच्या हाती देश सोपवून जाता येतं, तो," तुम्ही म्हणालात.

मी दोघांची वाक्यं ऐकली आणि दप्तर उचललं. त्या वेळी दोन्ही बरोबर वाटली होती.

पुढच्याच महिन्यात दुबईला लग्न होतं. माझा ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. निघताना तुम्ही किचनच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्यात, आपल्या स्थानिक भागीदारांचा, अरबाबांचा, फोन नंबर माझ्याकडून पाठ करून घेतलात आणि म्हणालात, "त्या रस्त्याचा भरवसा नाही. आपलाही एक मंत्री मागे राहील." आई, काका, तुम्ही एका गाडीत बसलात, “यल्ला, चला” म्हणालात आणि निघालात. मी शेजारच्या मावशींकडे जेवले. मग तो नियमच झाला. दुबईचं लग्न असो की गणपती, मागे राहायची ती मीच.

तुम्ही गेलात ते मात्र रस्त्यावर नाही, किचनमध्येच, भर दुपारी. अरबाब घरी भेटायला आले. त्यांनी हिंदीत विचारलं, "अब मुदीर कौन?" मुदीर म्हणजे कारभार बघणारा. काकांनी मान खाली घातली. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ये अभी पढ़ेगी." अरबाब माझ्याकडे बघून "इन्शाल्ला" म्हणाले. ते माझ्या शिक्षणाला म्हणाले की आणखी कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही, आताही कळत नाही. काका मुदीर झाले. क्रमाने ते बरोबरच होतं. पण त्या अमेरिकन कायद्यात वगळलेल्याचं मंत्रिपद जात नाही, फक्त पाळी पुढच्याकडे सरकते. माझ्याकडे नक्की काय उरलं होतं, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

आता काका कायमचे सांगलीला चाललेत. किचन मी घ्यायचं की विकायचं, हे त्यांना उद्या सांगायचं आहे. त्याआधी मी त्यांना विचारलं, बाबा मला मागे का ठेवायचे?

"अगं, तुला गाडी लागायची! दुबईच्या रस्त्यावर शहामा येईपर्यंतच दोनदा थांबायला लागायचं," ते म्हणाले. "तुला वाईट वाटू नये म्हणून दादा ते मंत्र्याचं काहीतरी सांगायचा."

आईला विचारलं. ती म्हणाली, "त्यांचा तुझ्यावर होता तेवढा भरवसा काकांवरही नव्हता. हे काकांपुढे बोलू नकोस."

दोघंही खोटं बोलणारी नाहीत. मी प्रेशर गेज तपासण्याचं काम करते. दोन गेजांची रीडिंग जुळली नाहीत तर आम्ही तिसरं लावतो, त्याच्यावर विश्वास ठेवतो आणि पुढे जातो. इथे तिसरं म्हणजे तुम्ही. मी तुमची वाक्यं पुन्हा पुन्हा आठवून पाहिली, आवाजासकट. त्यांतून दोन्ही अर्थ निघतात. कदाचित तुम्हालाही दोन्ही एकदमच म्हणायचे असतील. मला ते पटत नाही, पण खोडताही येत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. उद्या मी काकांना सांगणार आहे की बाबांची तशी इच्छा होती, म्हणून किचन घेते. तुमची इच्छा काय होती ते मला माहीत नाही. किचन मला हवं आहे.